मागच्या सीटवर कुणी नव्हतं

"काका, मागे बसणाऱ्याने नुसते पाय फिरवले, जोर लावलाच नाही, तर पुढच्याला कळतं का?"

प्रश्न विचारणारी मुलगी सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. तिच्या तीन मैत्रिणी समोरच्या शिंप्याच्या पाटीआड लपून, तोंडावर हात दाबून हसत होत्या. 'विचारून दाखव, तुझ्यात दम नाही,' असं त्यांनी तिला डिवचलं होतं. आणि या मुलीला कुणी 'दम नाही' म्हटलं की संपलंच. घरी तिला भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही.

दुरुस्तीवाले काका माझ्याखालचा नट आवळत होते. हातातला पाना न थांबवता ते म्हणाले, "लगेच कळतं. पण पुढचा तेव्हा बोलत नाही. मनात धरून ठेवतो आणि मग एखाद्या चढावर सगळं व्याजासकट बाहेर काढतो."

"काय म्हणाले गं?" पाटीआडून आवाज आला.

"कळतं म्हणे."

"मग मेलीस तू," मैत्रीण म्हणाली, आणि चौघी खिदळत निघून गेल्या.

मित्रांनो, हे सगळं बोलणं माझ्याबद्दल होतं आणि मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. पण मला त्याची सवय आहे. मी एक जुनी सीट आहे. चामड्याची, तपकिरी, खाली दोन स्प्रिंगा असलेली. आणि नुसती सीट नव्हे, मागची सीट. दोघांनी मिळून चालवायची एक लांबलचक सायकल असते ना, एकामागे एक बसायची, तिची.

अशा सायकलवर पुढच्याकडे सगळं राज्य असतं. ब्रेक त्याच्याकडे, गिअर त्याच्याकडे, घंटी त्याच्याकडे, कुठे थांबायचं ते त्याच्याकडे. मागच्याकडे एक हँडल असतं, पण ते वळत नाही. त्याला ब्रेक नाही, काही नाही. रडणाऱ्या बाळाच्या हातात खुळखुळा द्यावा तसं ते मागच्याच्या हातात दिलेलं असतं. बाकी पाय मारायचे आणि समोरची पाठ बघायची.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. ओलं चामडं साच्यावर ताणून, कडेने तांब्याचे खिळे ठोकून एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. त्याच कातड्याच्या उरलेल्या अर्ध्या भागातून पुढची सीट निघाली. म्हणजे आम्ही सख्ख्या बहिणी. पण तिला पुढची जागा मिळाली, मला मागची, आणि तेव्हापासून तिची पाठ माझ्याकडेच आहे. कारागीर आम्हाला खोक्यात ठेवताना म्हणाला होता, "चामड्याची सीट सुरुवातीला बोचते. नंतर बसणाऱ्याचा आकार धरते. मग ती दुसऱ्या कुणाची होत नाही." हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं. मला मात्र पुढे ते फार महागात पडलं.

कारण माझ्यावर पहिली बसली ती भिंगरीची आई. तेव्हा ती कुणाची आई नव्हती, नवी नवरी होती, आणि पुढे बाबा होते. ती बसायची, दोन्ही पाय पॅडलवर ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "बसले." मगच बाबा सायकल सोडायचे. दोघांच्या सायकलचा हा एकच नियम आहे. पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून मागच्याने 'बसले' म्हटल्याशिवाय निघायचं नाही. ती दोघं रविवारी गावाबाहेर जात तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत. आई म्हणायची, "या सीटवर मला झोपसुद्धा लागेल." एका सीटला याहून मोठी शाबासकी काय मिळणार?

मग भिंगरी झाली. मग आईचा गुडघा दुखायला लागला. सायकल मागच्या बाल्कनीत भिंतीला उलटी टांगली गेली. बाबांनी पुढची सीट काढून आपल्या ऑफिसच्या सायकलला लावली. माझी बहीण रोज कामाला जायची, तिला तेल मिळायचं, ऊन मिळायचं. माझ्यावर शाळेचे मोजे वाळत पडायचे. उलटं टांगलेल्याला जग कसं दिसतं सांगू? सगळे छताला चिकटून चालताना दिसतात आणि कुणीच तुमच्याकडे बघत नाही. माझं चामडं आक्रसलं, कडेला भेगा पडल्या. आणि मधोमध आईचा आकार तसाच रिकामा राहिला, एखाद्या घराला कुलूप असावं तसा.

यंदा भिंगरीचे पाय पॅडलपर्यंत पोचले. पाय पोचल्याबरोबर तिने जाहीर केलं की सुट्टीत वाळवंट ओलांडायचं. बाबांचे डोळे चमकले. पुढची सीट परत आली, चेन बदलली, काकांनी मला तेल पाजलं. ठरलं असं की आईने सामान घेऊन गाडीने पुढे जायचं आणि रोज संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी भेटायचं.

पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा भिंगरी कळवळलीच. "आई, ही सीट आहे की सुपारी फोडायचा अडकित्ता?"

"माझ्या मापाची आहे ती," आई म्हणाली. "तुला सांभाळून घेईल."

मी प्रयत्न करत होते. खरंच करत होते.

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळी लॉजच्या फाटकातून निघालो तेव्हा हवा गार होती. थोड्याच वेळात दोन्ही बाजूंची घरं संपली, मग कुंपणं संपली, मग काटेरी झुडपंही विरळ झाली. उरला एक डांबरी रस्ता, सरळ, आणि त्याच्यावर अधूनमधून सापासारखी सरकणारी वाळू. तिथे इतकं काहीच नव्हतं की चेनचा आवाजसुद्धा सोबतीसारखा वाटत होता.

भिंगरी एकाएकी म्हणाली, "बाबा, मला पुढे बसू द्या."

"इथे नको. वाळूवर चाक घसरतं. अंदाज लागतो त्याला."

"बसल्याशिवाय अंदाज कसा येईल?"

"घरी गेल्यावर मैदानात शिकवीन."

"मैदानात काय बघू? मी वाळवंट बघायला आलेय आणि इतके दिवस तुमची पाठ बघतेय. तुमच्या शर्टाची शिवण पाठ झाली मला."

"डावीकडे बघ, उजवीकडे बघ. कुणी अडवलंय?"

"समोर काय आहे ते मला आपटल्यावर कळतं. खड्डा आला तरी सांगत नाही तुम्ही."

ती हट्टाने पाय सैल सोडून बसली. पॅडल फिरत होती, पण जोर नव्हता. आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे एक चढ आला, बाबांना धाप लागली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू मागे असलीस काय नि नसलीस काय, ओढायचं मलाच."

माझ्यावरचं वजन क्षणभर दगडासारखं झालं. मग ती पुन्हा पाय मारू लागली, अगदी नेटाने. पण बोलणं बंद. पुढे सावलीसाठी थांबलो तेव्हा परत बसताना ती 'बसले' म्हणाली नाही. त्याऐवजी माझ्या कडेवर तिने तळहाताने एक थाप मारली. धप्. बाबांनी मानही न वळवता सायकल सोडली. पुढच्या थांब्यालाही तेच. बाप तसाच, लेक तशीच. खाण तशी माती म्हणतात ना, तिथे तर नुसती मातीच माती होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्याच्या कडेला सिमेंटचा एक लहानसा निवारा लागला. रस्त्याचं काम करणाऱ्यांसाठी कधीतरी बांधलेला, तीन भिंती आणि वर पत्रा. आत काही नव्हतं, पाण्याचा नळसुद्धा नाही. दोघं पाणी प्यायली, एकमेकांकडे न बघता. मग बाबा आपल्या जागेवर आले, ब्रेक दाबून, पाय जमिनीला टेकून उभे राहिले. उडणाऱ्या वाळूसाठी त्यांनी कानांवरून फडकं घट्ट बांधलं होतं.

भिंगरीने पाठीवरची पिशवी काढली. तिच्यात पाण्याच्या दोन्ही बाटल्या होत्या आणि तिचा फोन. पिशवीचा पट्टा तिने मागच्या हँडलला अडकवला आणि पिशवी माझ्यावर आदळली. धप्. आणि ती निवाऱ्याच्या भिंतीमागे गेली. का ते विचारू नका, वाळवंटात दुसरी सोय नसते. एरवी ती 'आलेच' म्हणाली असती. पण रुसवा असा की तेवढंही म्हणायचं नव्हतं.

बाबांनी धप् ऐकलं आणि निघाले.

मित्रांनो, मी ओरडू शकले असते तर कोसभर ऐकू गेलं असतं. पिशवी पहिल्याच धक्क्याला घसरून बाजूला लोंबू लागली आणि माझ्यावर कुणी राहिलं नाही. मागची पॅडल पाय नसताना आपोआप फिरत होती. पुढे उतार होता आणि वारा पाठीमागून. सायकल कशी पाण्यासारखी चालली होती. बाबांना वाटलं असणार, पोरीचा राग उतरला, छान जोर लावतेय.

बराच वेळ गेला. मग बाबा बोलायला लागले. समोर बघत, जरा मोठ्याने.

"सकाळी बोललो ते खरं नाही हं." चाकांखाली वाळू करकरली. "तू मागे असतेस म्हणून मी पुढे बघू शकतो. नाहीतर एकट्याला या रस्त्यावर भीती वाटली असती मला." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि वाळूचं निमित्त होतं. तुला पुढे बसवलं की मला मागे बसावं लागेल. ब्रेक नाही, काही नाही, हातांचं काय करायचं तेच मला कळणार नाही. पुढच्या वर्षी तू शिकायला दुसऱ्या गावी जाशील, तेव्हाही कळणार नाही. तेव्हा थोडे दिवस राहू दे मला पुढे. एवढंच."

हे शब्द तिच्यासाठी होते आणि ते माझ्यावर येऊन पडत होते. मी त्यांचं काय करणार? दुसऱ्याच्या नावाचं पत्र रिकाम्या घरात येऊन पडावं, तसं मला झालं.

"ऐकलंस ना?" बाबांनी विचारलं. मग खिशातून लिमलेटची एक गोळी काढून त्यांनी हात मागे केला. "घे." हात तसाच राहिला. कुणी घेतली नाही. "बरं, राहिलं," ते पुटपुटले आणि गोळी परत खिशात गेली.

मग रस्ता वळला आणि कलतं ऊन एका बाजूने आलं. आमची सावली बाजूच्या वाळूवर लांब पडली. मित्रांनो, सीटला कधी स्वतःची सावली दिसत नाही, कारण सीटवर माणूस असतो. त्या दिवशी माझी मला दिसली. लहानशी, टोकदार, मधोमध खोलगट, एकटीच धावणारी.

ती बाबांनाही दिसली.

त्यांनी दोन्ही ब्रेक इतके जोरात दाबले की मागचं चाक आडवं झालं. उतरून ते वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. मी तव्यासारखी तापले होते. एखादं माणूस नुकतंच उतरलं असतं किंवा पडलं असतं, तर चामडं असं तापलं नसतं. त्यांना कळलं की मी केव्हाची रिकामी आहे. मग त्यांची नजर लोंबणाऱ्या पिशवीवर गेली. पिशवीत दोन बाटल्या. म्हणजे तिच्याजवळ थेंबही नाही. त्यांनी फोन काढून बघितला, रेंज नव्हती. असती तरी तिचा फोन त्याच पिशवीत होता.

परतीचा रस्ता तोच होता, पण तो उतार आता चढ झाला होता आणि पाठीवरचा वारा तोंडावर. दोघांची सायकल एका माणसाने चढावर ओढायची म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. बाबा उभे राहून पॅडल मारत होते. वाळूत चाक रुतलं की उतरून ढकलत होते आणि पुन्हा चढत होते. समोरून एक टँकर गेला. बाबांनी हात हलवले, पण वाळू उडवत तो निघून गेला. मी मागे हलकी हलकी उडत होते आणि मला माझ्या हलकेपणाची लाज वाटत होती. एकदा, चढ संपत नाही असं वाटल्यावर, त्यांनी हाक मारली, "भिंगरे." हाक वाऱ्याने मागेच नेली.

निवारा दिसला. बाहेर कुणी नव्हतं. बाबांनी सायकल अक्षरशः टाकून दिली. मी वाळूत आडवी पडले, म्हणून मला खालून दिसलं. ती तीन भिंतींच्या आत, सावलीच्या चिंचोळ्या पट्ट्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोक्यावर ओढणी, ओठ पांढरे, आणि शेजारी एक अर्धी रिकामी बाटली. ती आमची नव्हती.

"पाणी," बाबा म्हणाले आणि पिशवी पुढे केली.

"मिळालं. टँकरवाल्या दादांनी दिलं." तिचा आवाज घोगरा झाला होता. "ते म्हणाले, चल, सोडतो पुढच्या गावी. मी नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस?"

"तुम्ही परत येणार होता ना. मी इथे नसते तर वेडे झाला असता."

बाबांनी बाटली उघडून तिच्या हातात दिली. तिने आमची बाटली तोंडाला लावली आणि संपेपर्यंत काढली नाही. मग तोंड पुसत विचारलं, "कळलं कधी?"

"सावली दिसली तेव्हा."

"आणि उतारावर? मागे जोर नव्हता, ते?"

बाबांनी खोटं सांगितलं नाही. "उतारावर नाही कळलं."

तिने रिकाम्या बाटलीचं झाकण फिरवून लावलं. मी मनात म्हणत होते, अहो, सांगा ना आता. मघाशी मला सांगितलंत तेच सांगा. पण बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काही माणसांना पाठ फिरवल्यावरच बोलता येतं. समोर चेहरा आला की शब्द घशात अडकतात.

"चल," एवढंच ते म्हणाले.

तिने मला उभं केलं, माझ्यावरची वाळू ओढणीने झटकली, आणि बसली. "बसले," ती म्हणाली. बाबा हलले नाहीत. "बसले म्हटलं ना." तरी त्यांनी मान वळवून पाहिलं, मगच सायकल सोडली. त्या दिवशी मुक्काम येईपर्यंत त्यांनी इतक्यांदा मागे पाहिलं की आम्ही दोनदा रस्ता सोडून वाळूत गेलो.

मित्रांनो, मी आता म्हातारी आहे आणि माझी मागणी फार मोठी नाही. मला अधूनमधून तेल लावलंत तर बरं वाटेल, उलटी टांगू नका, माझ्यावर मोजे वाळत घालू नका. पण त्याहून मोठी एक गोष्ट आहे. तुमच्या मागे कुणी बसलेलं असेल, तर त्याला हाक मारत जा. उत्तर आलं नाही तर रुसलं असेल म्हणून पुढे जाऊ नका. थांबा आणि वळून बघा. आणि तुम्ही स्वतः मागे असाल, तर कितीही राग आला तरी 'आलेच' एवढं म्हणून जा. सीटला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत सायकल आत घेतली होती, दोन पलंगांच्या मधल्या अरुंद जागेत, भिंतीला टेकवून. आई एका पलंगावर बसून सगळं ऐकत होती. भिंगरी सांगत होती आणि आता तिला हसूही येत होतं.

"टँकरवाले दादा विचारत होते, कुणी सोडून गेलं तुला? मी म्हटलं, वडील. ते म्हणाले, भांडण झालं? मी म्हटलं, झालंय, पण त्यामुळे नाही गेले. मी मागे नाही हे त्यांना अजून माहीतच नाही."

आई हसली नाही. तिने बाबांकडे पाहिलं. "बास झालं. उद्या सायकल गाडीच्या टपावर बांधायची आणि घरी."

"हो," बाबा म्हणाले. ते पलंगाच्या कडेवर बसून आपले तळवे बघत होते. हँडल धरून धरून त्यांना फोड आले होते. "बांधू."

मला वाटलं, झालं. पुन्हा बाल्कनी, पुन्हा भिंत.

मग बाबा तळव्यांकडेच बघत म्हणाले, "मी उतारावर तुला काहीतरी सांगितलं होतं."

"मला?"

"तुलाच. म्हणजे, सीटला."

"काय सांगितलं?"

"सकाळचं बोलणं खरं नव्हतं, ते." त्यांनी मान वर केली. हे त्यांना वाळवंटातल्या चढापेक्षा जड गेलं असावं. "आणि मला मागे बसायची भीती वाटते. वाळूबिळू काही नाही."

भिंगरी उठली. दोन पावलं चालून माझ्याजवळ आली, माझ्या मधल्या खळग्यावर तिने हात ठेवला, जणू अंदाज घेत होती तिथे कोण मावेल. मग दोघांकडे तोंड करून ती सरळ उभी राहिली.

"उद्या आपण घरी जाणार नाही. उद्या पुढे मी बसणार आणि बाबा मागे. खड्डा आला की ओरडून सांगेन, चढ आला की सांगेन, दर थोड्या वेळाने वळून बघेन. आई, तू पुढच्या मुक्कामाला जाऊन थांब. आणि मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय."